पहिलं वाक्य हिंदीत

परप्रांतातून आलेल्या कामगाराशी पहिलं वाक्य मराठीत बोलणारा नाशिककर मला अजून भेटायचा आहे. आरशातही भेटलेला नाही. २०२५ च्या दिवाळीआधी न्हाणीघराच्या फरश्या बदलायला एक कारागीर आला. मूळचा गोरखपूरकडचा, राहायला अंबडजवळ चुंचाळ्याला. दार उघडताच मी विचारलं, "भैया, कितना दिन लगेगा?" तो म्हणाला, "चार दिवस लागतील काका. पण जुनं प्लास्टर पोकळ निघालं तर एखादा दिवस वाढेल." यावर शहाण्या माणसानं मराठीत यावं की नाही? मी नाही आलो. पुढचे पाच दिवस (प्लास्टर पोकळच निघालं) मी त्याच्याशी हिंदीत आणि तो माझ्याशी मराठीत, असा आमचा संसार चालला. त्याची मराठी माझ्या हिंदीपेक्षा कितीतरी बरी होती.

त्याच वर्षी १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी आणणारा शासन निर्णय निघाला होता आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला होता. मधल्या अडीच महिन्यांत मी मराठीच्या बाजूनं पुष्कळ घसा कोरडा केला. तो निर्णय चुकीचाच होता, हे माझं मत आजही कायम आहे. पण घसा कोरडा करून घरी येताना भाजीवाल्याला "मेथी कैसे दिया?" विचारणारा माणूसही मीच होतो. भाजीवाला इथल्याच ओझरचा निघाला.

आपली तक्रार अशी की, बाहेरून आलेली माणसं इथलं काही शिकत नाहीत, जुळवून घेत नाहीत. 'जुळवून घेणं' हा आपल्या भाषेतला फार बोलका शब्दप्रयोग आहे. तो आपण सर्वांत जास्त कुणासाठी वापरतो? सुनेसाठी. "सासरी जरा जुळवून घे गं" हे मुलीला लग्नाआधीपासून ऐकवलं जातं. सासरच्यांना कुणी "तुम्हीही थोडं जुळवून घ्या" म्हणतं ते प्रकरण चार माणसांत गेल्यावर. घर जिथल्या तिथे राहणार, हलायचं ते नव्यानं आलेल्या बाईनं, हे गृहीतच. शहर आणि परगावचा माणूस यांचं नातं आपण याच साच्यात बसवलं आहे. 'देश तसा वेश' ही म्हणही वेश बदलणाऱ्यालाच सांगितलेली, देशाला तिच्यात काही काम नाही. माझं म्हणणं असं की नाशिकला ही सासुरवासाची रीत शोभत नाही, आणि मुख्य म्हणजे ती चालत नाही. ज्याला आपण ओट्यावरच उभा ठेवतो, त्यानं माजघरातल्या चालीरीती शिकाव्यात कशा?

हे मी दुरून बोलत नाही. आम्ही बागलाणातले. वडील सातपूरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही सिडकोत राहायला आलो. घरात अहिराणी. शाळेत पहिल्याच महिन्यात बाईंनी माझं दप्तर कुठे आहे विचारलं आणि मी म्हणालो, "आठे शे." म्हणजे इथे आहे. वर्ग हसला. बाईंनी तेच वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून. मधल्या सुट्टीत पोरं "कथा चालना रे?" (कुठे निघालास रे?) म्हणत मागे लागायची. पाचवीत जाईपर्यंत मी इतकं उत्तम जुळवून घेतलं होतं की, पालकसभेची चिठ्ठी आईला द्यायचोच नाही. वडिलांना द्यायचो. ते कारखान्यात 'शुद्ध' बोलायला शिकले होते. आज माझ्या बोलण्यावरून माझं गाव कुणाला ओळखता येत नाही, आणि माझ्या मुलीला आजीचं निम्मं बोलणं कळत नाही.

तरी आमचं नशीब थोर. आमची गणना परक्यांत झाली नाही, फक्त गावंढळांत झाली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सिडको-सातपूरच्या गल्ल्यांमध्ये आमची खानदेशी देवी कानबाई बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्र जागवली जाते आणि सोमवारी मिरवणुकीनं तिला गंगेवर नेतात. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, उत्तरेतून आलेला नवा माणूस पत्ता विचारताना यामुळे चांगलाच गोंधळतो.) दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्याच गंगेवर, रामकुंडाच्या परिसरात, छठची गर्दी होते. ऊस, सूप, ठेकुआ, मावळत्या सूर्याला अर्घ्य आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्याला. दोन्ही सण गावाकडून कारखान्यांच्या वाटेनं शहरात आले, दोन्ही बायकांच्या कष्टांवर उभे आहेत. कानबाईच्या मिरवणुकीनं वाहतूक अडली तर आपण 'परंपरा' म्हणतो. छठच्या गर्दीनं अडली तर 'यांचं शक्तिप्रदर्शन'. मी स्वतः असं म्हटलेलं आहे, गाडीत बसून, काच वर करून.

माणसं परक्या मुलखात कशी रुळतात यावर अभ्यासकांनी बराच विचार केलाय. १९५५ मध्ये लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञानं शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या दोनशे देशबांधवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले खुशीत होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते. कठीण गेलं ते मधल्या मुदतीतल्यांना. आधी नवलाई, मग उदासी, मग रुळणं, असा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख त्यावरून रूढ झाला. तो सगळ्यांना लागू पडत नाही हे पुढच्यांनी दाखवलंच. मला त्यात वेगळंच दिसतं. त्या दोनशे जणांच्या खिशात शिष्यवृत्ती होती आणि परतीची सोय होती. त्यांनी यावं अशी यजमान देशाचीच इच्छा होती. चुंचाळ्याच्या एका खोलीत गाववाल्यांसोबत दाटीवाटीनं राहणाऱ्या फरशीवाल्याचा आलेख कोणत्या अक्षरासारखा निघेल?

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी प्रश्न अधिक नेमका केला. नव्या जागी आलेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात: आपलं जुनं जपायचं का, आणि इथल्यांत मिसळायचं का. दोन्हींना 'हो' म्हणणारे बहुतेक वेळा सर्वांत बरे तग धरतात. दोन्हीकडून तुटलेल्यांचे हाल होतात. बेरींचा पुढचा मुद्दा मात्र आपण सोयीनं विसरतो: या प्रश्नांची उत्तरं येणारा एकटा ठरवू शकत नाही. मिसळायला तो तयार असेलही, समोरच्यांनी मिसळू दिलं पाहिजे.

दोन्हीकडून तुटण्याचं उदाहरण आपल्या उशाशीच आहे. देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून असायचे. जहाजांचा हंगाम हुकला की महिनोन् महिने. काम नाही, ऊन आहे, दारू आहे, ताप आहे. काहींची डोकी फिरली. त्यांच्या बोलीत 'देवळालीचा ताप' हा वेडाला प्रतिशब्द झाला आणि 'डूलॅली' हा शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. आपल्या तालुक्यातल्या गावाला मिळालेली ही जागतिक कीर्ती! पण नीट पाहा, हे सैनिक हिंदुस्थानात आले तेव्हा वेडे झाले नव्हते. निघताना झाले, जेव्हा ते ना इथले राहिले होते ना तिथे पोचले होते. माणसाला परकी संस्कृती मोडत नाही. उंबऱ्यावर बसवून ठेवणं मोडतं.

याच्या उलटा दाखला पाथर्डी फाट्याजवळ, पांडवलेण्यांत. सतरा क्रमांकाचं लेणं खोदवून घेणाऱ्यानं आपली ओळख कोरून ठेवली आहे: धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, योनक, म्हणजे यवन (त्या काळी ग्रीकांना म्हणत ते), दात्तामित्रीचा राहणारा, 'ओतराह'. ओतराह म्हणजे उत्तरेकडला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आमचा उत्तरेचा माणूस. नाव इंद्र आणि अग्नी या वैदिक देवांचं, दान बौद्ध संघाला, भाषा इथली प्राकृत, पुण्य आईवडिलांच्या नावे, सोबत मुलगा धम्मरक्षित. इतकं सगळं इथलं घेऊनही त्यानं 'मी यवन' हे पुसलं नाही. दगडात कोरलं. आणि त्या डोंगरावरच्या भिक्षूंनी कोरू दिलं, ही मला जास्त महत्त्वाची गोष्ट वाटते. तिथल्याच दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात हा शक आपली दानं मोजून सांगतो: संघाला लेणं, ब्राह्मणांना गाई. जुन्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मला सुचवायचं नाही. याच शकांना गौतमीपुत्र सातकर्णीनं मोडलं आणि ती फुशारकी याच डोंगरावर तीन क्रमांकाच्या लेण्यात कोरलेली आहे. पण ओळख टाकून दिल्याशिवाय आत येता येतं, एवढं तरी हा डोंगर सांगतो. आपण तिथे पावसाळ्यात भजी खायला जातो.

आता आक्षेप. "अहो, वीस वर्षं राहूनही यांना मराठीचं एक वाक्य येत नाही!" असे लोक आहेत, मीही पाहतो. पण त्यांच्यात दोन जाती आहेत. एक, ठेकेदाराच्या टोळीत आलेला मजूर. त्याचा मुकादम त्याच्या गावचा, खोली गावच्यांची, कारखान्यातल्या सूचना हिंदीत, दुकानदार हिंदीत, आणि रस्त्यावर भेटणारा प्रत्येक मराठी माणूस हिंदीत. त्याला मराठी शिकायची असेल तर ती कुठून शिकायची? भिंतींशी बोलून? दुसरी जात बदली होऊन आलेल्या साहेबाची. एका बँकेत माझ्या आईला पेन्शनच्या कागदासाठी काउंटरवर तीन खेटे घालावे लागले. तिला हिंदी कळेना, समोरच्याला मराठी. त्या साहेबाला सक्ती केली पाहिजे, आणि त्या सक्तीला माझा बिनशर्त पाठिंबा आहे. जो लोकांची सेवा करायचा पगार घेतो त्याला लोकांची भाषा आलीच पाहिजे, यात जुळवून घेण्याचा प्रश्नच नाही, तो नोकरीचा भाग आहे. पण आपला मराठी बाणा काउंटरच्या आतल्या माणसापुढे मवाळ होतो आणि पाणीपुरीच्या गाडीपुढे कडक. ओझरला १९६४ मध्ये एचएएलचा विमान कारखाना आला, त्याबरोबर देशभरातून माणसं आली. त्यांना 'परप्रांतीय' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. ते 'एचएएलवाले'.

कडकपणाचा प्रयोग आपण करून पाहिला आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये इथे उत्तर भारतीयांवर हल्ले झाले, माणसं मिळेल ती गाडी पकडून गेली आणि सातपूर-अंबडला हात कमी पडले. त्या दगडांमुळे एकही माणूस मराठी शिकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बारा वर्षांनी टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्यावरून पायी निघालेले लोंढे याच शहरातून गेले, आणि १ मे २०२० रोजी, महाराष्ट्र दिनीच, रेल्वेनं ज्या पहिल्या सहा श्रमिक गाड्या जाहीर केल्या त्यांतल्या दोन नाशिकहून होत्या, एक भोपाळची आणि एक लखनौची. रस्त्यावर तेव्हा नाशिककरांनी पोळी-भाजीची पाकिटं वाटली, मनापासून वाटली. जाणाऱ्याशी आपण नेहमीच चांगले वागतो. अडचण राहणाऱ्याशी आहे.

आणि हा प्रश्न फक्त परप्रांतीयांचा धरून चाललो तर आपण स्वतःला स्वस्तात सोडतो. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात पहाटेपासून पेठ, सुरगाणा, हरसूलकडची माणसं उभी राहतात. कोकणा, वारली, महादेव कोळी. जोडीनं येतात, पोरं सोबत. छाटणीपासून विरळणी, डिपिंगपर्यंत या हातांशिवाय एक घड परदेशी जात नाही. यांची बोली वेगळी, देव वेगळे, डोंगऱ्या देवाचा उत्सव वेगळा, बोहाड्याचे मुखवटे वेगळे. पण यांना आपण 'वेगळ्या संस्कृतीतले' म्हणण्याचा मानसुद्धा देत नाही. यांना आपण 'मागासलेले' म्हणतो. जपानी पाहुणा हातानं जेवला की त्यानं आपली संस्कृती आत्मसात केली, आणि सुरगाण्याचा मुलगा पुस्तकी मराठी बोलायला लागला की तो 'सुधारला'. त्याच्या आश्रमशाळेत पहिल्या दिवशी ऐकलेली प्रमाण मराठी त्याला जवळजवळ परकीच असते, ही गोष्ट 'मराठी शाळा वाचवा' म्हणणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांच्या डोक्यात येते? बाईंनी "आठे शे" तीनदा म्हणवून घेतलं ती परंपरा तिथे वेगळ्या शब्दांवर चालू असणार.

मग करायचं काय? मी धोरणकर्ता नाही. पण २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट, रस्ते, पूल यांच्या कामांवर आणखी हजारो हात येणार, त्यातले बरेच इथेच राहणार. ठेक्याच्या अटींत सिमेंटचा दर्जा लिहितो तसे कामाच्या वेळेतले, पगारी, महिनाभराचे बोलक्या मराठीचे वर्ग लिहायला काय हरकत आहे? कारखान्यांनी सुरक्षेच्या पाट्या हिंदीत जरूर लावाव्यात, जीव भाषेपेक्षा मोठा आहे, पण त्यांच्याखाली मराठीही लावावी. आणि आपण? पहिलं वाक्य मराठीत, सावकाश, हातवारे करत. समोरचा चुकला तर हसायचं नाही. हे शेवटचं सर्वांत अवघड आहे. मराठी माणसाला दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावरसुद्धा हसू येतं, तिथे 'मी जाते' म्हणणाऱ्या पुरुषाची काय कथा.

पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे ही कला पिढ्यान् पिढ्या आहे. दक्षिणेतलं, गुजरातेतलं, माळव्यातलं कुणीही रामकुंडावर उतरलं की ते पहिल्यांदा विचारतात, "गाव कोणतं?" मग आडनाव. मग वहीतून त्याच्या खापरपणजोबाच्या भेटीची नोंद काढून दाखवतात. व्यवसायच आहे तो, दक्षिणा मिळावी म्हणूनच आहे, मान्य. पण प्रश्नाचा हेतू बघा: हा माणूस आमच्या कोणत्या पानावर आहे ते शोधायला गाव विचारायचं. सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत घरमालकही हेच दोन प्रश्न विचारतात, गाव कोणतं आणि आडनाव काय. तिथे वही उघडत नाही. तिथे दार लागतं.

म्हणून 'मराठी शिका म्हणजे आमचे व्हाल' हे आश्वासन मला पूर्ण खरं वाटत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दाराबाहेर उभी असलेली माणसं कोणती परकी भाषा बोलत होती? भाषा मराठी, देव राम, गाव नाशिक जिल्ह्यातलंच. दादासाहेब गायकवाडांनी इथे तो लढा वर्षानुवर्षं नेटानं चालवला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. जुळवून घेण्यात त्या माणसांनी काही कमी ठेवलं होतं असं कुणी म्हणू शकेल का? ज्या शहरानं आपल्याच माणसांना पाच वर्षं दाराशी ताटकळत ठेवलं, त्यानं बाहेरच्याला 'आधी आमच्यासारखा हो' म्हणताना थोडा आवाज खाली ठेवावा.

हे सगळं लिहायला बसण्याचं कारण सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावरची खोली दोन महिन्यांपासून रिकामी आहे. मागच्या रविवारी तो फरशीवाला आला होता. बायको आणि मुलीला गावाहून आणायचं म्हणतोय, मुलीला इथल्याच शाळेत घालायचं, चुंचाळ्याच्या खोलीत ते जमणार नाही. भाडं त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं, डिपॉझिटला तयार होता. या वेळी मी ठरवून मराठीत बोललो, पहिल्या वाक्यापासून. तोही खूश झाला. मग मी पाण्याच्या वेळा सांगितल्या, पार्किंगचं सांगितलं, आणि घरात मच्छी वगैरे शिजते का ते विचारलं. आम्ही स्वतः शाकाहारी नाही. मागून बायकोनं डोळ्यांनी खुणावलं की समोरच्या जोशीकाकूंना काय वाटेल.

"कळवतो," मी म्हणालो. अजून कळवलेलं नाही.